पांढऱ्या कापडाची अब्रू



गेल्या पंधरवड्यातल्या पत्रांत एक पत्र आमच्याच भिवंडी तालुक्यातले आहे, पडघ्याच्या बाजूच्या एका खेड्यातले. लिहिणारी एक आई आहे. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे, म्हणून ते देत नाही. पत्राचा मजकूर थोडक्यात असा :

"आमची धाकटी बारावी करून भिवंडीला शिवणवर्गाला जाते. येण्याजाण्याचे भाडे, फी, दोरा-कापड, सगळे भाताच्या पैशातून चालले आहे. परवा चुलतभावाच्या साखरपुड्याला तिने स्वतः कापड आणून स्वतःसाठी पोशाख शिवला. पांढराशुभ्र. ना लेस, ना टिकली, ना जर. घालून बाहेर आली तर सासूबाई म्हणाल्या, मंगल कार्यात हे पांढरं फटफटीत काय घातलंस? आणि थोरले दीर म्हणाले, दोन वर्षं शिकून एवढंच आलं होय? हे तर कुणीही शिवेल, क्लास बंद करा. पोरीने ते कपडे काढून पेटीत टाकले आणि दोन दिवस जेवली नाही. म्हणते, गोव्याचा एक मोठा माणूस असेच साधे पांढरे कपडे करून नावारूपाला आला, त्याला पद्मश्री मिळाली. हे खरे का? आणि खरे असले तरी आमच्यासारख्या कुणब्याच्या घराला त्याचे काय?"

ताई, तुमची मुलगी सांगते ते खरे आहे. त्या माणसाचे तुमच्यासारख्यांच्या घराशी नातेही आहे, आणि ते नाते शहरातल्या लोकांपेक्षा तुम्हाला जास्त कळेल. म्हणून आजची सगळी जागा तुमच्या पत्रालाच दिली आहे.

कोण हा माणूस?

त्यांचे नाव वेंडेल रॉड्रिक्स. घराणे गोव्याचे, ख्रिस्ती. जन्म २८ मे १९६० चा. बालपण मुंबईला माहीममध्ये गेले. कपड्याचा धंदा घरात नव्हता. ते आधी शिकले खानपानाची व्यवस्था, म्हणजे हॉटेलचे शिक्षण. मग १९८२ च्या सुमारास ओमान देशात मस्कतला नोकरीला गेले, तिथल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या क्लबात. आखातात गेलेला माणूस काय करतो? पैसे साठवतो आणि गावी घर बांधतो. यांनी साठवलेले पैसे शिक्षणात घातले. १९८६ ते १९८८ या काळात अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये जाऊन ते कपड्याचे बेतकाम शिकले.

परत आल्यावर सुरुवातीला दुसऱ्यांच्या कंपन्यांसाठी काम केले आणि १९९० च्या आगेमागे स्वतःच्या नावाने कपडे काढायला लागले. पहिले प्रदर्शन मुंबईत एका मोठ्या हॉटेलात झाले, पण गाठीला पैसा नव्हता. अवघे बारा पोशाख, त्यातलेही सगळे पुरे झालेले नव्हते. जे होते तेवढ्यावरच त्यांनी निभावून नेले. पाहणाऱ्यांना तो मोकळेपणाच आवडला. कमीत कमी शिलाई, कमीत कमी सजावट आणि कापडाची नैसर्गिक पड, हीच पुढे त्यांची ओळख झाली. 'कमीत कमी'चा गुरू असे त्यांना लोक म्हणू लागले. त्यात पांढरा रंग त्यांचा खास. सुती, तागासारख्या लिननचे, घामाच्या हवेत अंगाला सुख देणारे पांढरे कपडे म्हटले की त्यांचे नाव निघायचे.

१९९३ साली मुंबई सोडून ते गोव्यात बार्देश तालुक्यातल्या कोलवाळ गावी राहायला गेले. धंदा शहराचा, गिऱ्हाईक शहराचे, आणि माणूस मात्र खेड्यात. तिथूनच त्यांनी पुढचे सगळे काम केले. २०१४ साली पद्मश्री मिळाली. १२ फेब्रुवारी २०२० रोजी कोलवाळलाच, राहत्या घरी, ते वारले. वय साठीच्याही आत होते.

पांढरे म्हणजे अशुभ?

आता सासूबाईंच्या बोलण्याकडे वळू. त्या वाईट बोलल्या असे मी म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे जे आहे ते त्या बोलल्या. पण रंगाचे शुभ-अशुभ माणसानेच ठरवलेले असते आणि ते गावागणिक बदलते.

आपल्याच महाराष्ट्रात पूर्वी ब्राह्मण घरांतल्या केशवपन केलेल्या विधवांना जे जाडेभरडे आलवण नेसावे लागे, ते लाल रंगाचे असे. तोच लाल रंग नवरीच्या शालूला मंगल. केरळात ओणमच्या सणाला बायका सोनेरी काठाचे दुधट पांढरे वस्त्र मुद्दाम नेसतात. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नवरीचा झगाच पांढरा असतो. आणि आपल्याकडे पुरुषांचे काय? धोतर पांढरे, सदरा पांढरा, टोपी पांढरी. आषाढीला पंढरीची वाट पांढरी होऊन जाते. साखरपुड्याला दीर स्वतः कोणत्या रंगाची टोपी घालून बसले होते, ते ताईंनी पत्रात लिहिलेले नाही, पण मी अंदाज करू शकतो. पुरुषाच्या डोक्यावर जो रंग मानाचा, तोच मुलीच्या अंगावर आला की अशुभ कसा होतो, एवढेच सासूबाईंना हळूच विचारा. भांडायला म्हणून विचारू नका.

साधे म्हणजे सोपे नव्हे

थोरल्या दिरांचे म्हणणे वेगळे आहे. हे कुणीही शिवेल, असे ते म्हणतात. त्यांना आमच्या भिवंडीतल्या एखाद्या लूमच्या कारखान्यात अर्धा तास उभे करायला हवे.

आमचे गाव यंत्रमागाचे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडची विणकर घराणी इकडे आली, त्यांचे हातमाग होते. १९३० च्या आगेमागे वीज आली तशी हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला, त्यानंतर इथली खटखट आणखी वाढली. आज सुताचे भाव, विजेचे बिल आणि मंदी यांनी कित्येक माग भंगारात गेले आहेत. तरी अजून गल्लीतून चालताना दोन माणसांना ओरडूनच बोलावे लागते.

या मागावरून जे उतरते त्याला आम्ही 'ग्रे' म्हणतो. नाव ग्रे असले तरी ते राखाडी नसते. ते कोरे कापड, साईसारखे, जरा पिवळसर पांढरे. ना धुतलेले, ना रंगवलेले. इथून ते राजस्थानात बालोत्र्याला, गुजरातेत आणि कुठे कुठे जाते. तिथे धुऊन, पांढरे करून किंवा रंगवून, छापून तुमच्या बाजारात येते. भिवंडीचा स्वतःचा रंग कोणता, असे कुणी विचारले तर मी सांगेन, हाच. दुसरे सगळे रंग याच्यावर चढतात.

या कोऱ्या कापडाची तपासणी करणाऱ्या एका जुन्या माणसाजवळ मी एकदा बसलो होतो. ताका उलगडत जायचा आणि बोट ठेवत जायचे. इथे ताण्याचा धागा तुटला आहे. इथे बाण्यात गाठ आली. इथे मागाच्या तेलाचा डाग. मी म्हटले, चाचा, एवढ्याशा डागाने काय होते? ते म्हणाले, याच्यावर काळा रंग चढणार असेल तर काहीच होत नाही, छापाईत फुले येणार असतील तरी चालून जाईल. पण हे पांढरेच राहणार असेल तर हा डाग गिऱ्हाईकाला आधी दिसेल आणि कापड मागाहून.

ताई, मुलीच्या पोशाखाचे तेच आहे. लेस लावली की तिच्याखाली वाकडी शिवण लपते. टिकल्या लावल्या की खांद्याचा चुकलेला उतार कुणी पाहत नाही. पांढऱ्या, साध्या कपड्यात लपायला जागाच नाही. बगलेत एक चुणी आली तरी दिसते. दोरा वाकडा गेला तरी दिसते. मशीनच्या तेलाचा थेंब पडला तर सगळेच वाया जाते. रॉड्रिक्स यांना लोक मानत ते एवढ्यासाठी. त्यांचा कपडा उघडा होता आणि त्यात खोट सापडत नव्हती.

म्हणून दिरांना सांगा, तो पोशाख पेटीतून काढून उलटा करून पाहा. आतल्या बाजूने शिवणी सरळ आहेत का? दोरे लोंबताहेत का? दोन्ही खांदे सारखे आहेत का? आतून स्वच्छ असेल तर तुमच्या भाताच्या पैशाचे चीज झाले आहे, असे समजा. आतून गबाळा असेल तर क्लास बंद करण्याचे नव्हे, मन लावून शिकण्याचे ते कारण आहे.

तुझ्या कपड्यात तुझा देश कुठे?

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो, कुणब्याच्या घराला त्याचे काय?

रॉड्रिक्स परदेशात होते तेव्हाची एक गोष्ट ते पुढे नेहमी सांगत. आपल्या कामाचे नमुने घेऊन ते तिथल्या जाणकारांकडे गेले. नमुने चांगले होते, पण त्यांना विचारले गेले की यात तुझा देश कुठे आहे? आमच्यासारखे कपडे तर आमच्याकडे पुष्कळ होतात. हा प्रश्न त्यांना लागला. विलायतेची नक्कल करून विलायतेत भाव मिळत नाही, हे कळले. मग ते परत येऊन आपल्याच मातीत शोधू लागले. गोव्यात पूर्वी लोक काय नेसत, काय घालत, पोर्तुगीज आल्यावर त्यात काय बदल झाला, याचा त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला. लिस्बनच्या पोशाख संग्रहालयातही जाऊन शिकले. या सगळ्यावर 'मोडा गोवा' नावाचा जाडजूड ग्रंथ २०१२ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

या शोधात त्यांच्या हाती लागले कुणबी बाईचे लुगडे.

शेतातले लुगडे

गोव्यातले कुणबी आणि गावडे हे तिथले जुने कष्टकरी, भातशेती करणारे लोक. २००३ साली गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांची नोंद अनुसूचित जमातींत झाली. त्यांच्या बायका लाल चौकड्यांचे, पांढऱ्या रेघांचे जाड सुती लुगडे नेसत. नेसण्याची तऱ्हा अशी की ते गुडघ्यापर्यंतच यावे आणि पदर मागून घेऊन खांद्यावर त्याची गाठ मारावी.

असे का, हे शहरातल्या माणसाला सांगावे लागते. तुम्हाला नको. आवणीच्या दिवसांत पोटरीभर चिखलात ओणवे उभे राहिल्यावर पायघोळ कापडाचे काय होते, ते तुम्ही जाणता. पदर मोकळा असेल तर तो आधी चिखलात जातो. म्हणून गाठ. दोन्ही हात मोकळे. भिजले तरी लवकर वाळणारे सूत. तिथे एकही गोष्ट शोभेसाठी नव्हती, आणि तरी हिरव्या खाचरात ती लाल चौकडी शोभून दिसायची.

आमच्या ठाणे जिल्ह्यात तरी दुसरे काय होते? कुणबी, आगरी बाया लुगडे असेच गुडघ्याच्या वर खोचून, कासोटा घट्ट घालून खाचरात उतरत. माझ्या आजीची अशी दोन लुगडी होती, एक नेसायचे आणि एक वाळत घालायचे. ती गेल्यावर एकाची गोधडी झाली. दुसऱ्याच्या चिंध्या करून मीच सायकल पुसायला घेतल्या. तेव्हा काहीच वाटले नाही. आज त्या काठाचा रंग कसा होता ते आठवायला बसलो तर नीट आठवत नाही, आणि विचारायला घरात कुणी उरले नाही.

गोव्यातही तेच झाले. गिरणीचे आणि मागाहून यंत्रमागाचे स्वस्त कापड आले, नायलॉन-पॉलिएस्टर आले. हाताने विणणारे कमी झाले, नेसणाऱ्या म्हाताऱ्या झाल्या. शिकलेल्या सुना-मुलींना ते नेसायची लाज वाटू लागली, कारण ते नेसले की ही शेतावरची, हे लांबून कळायचे. असे ते लुगडे जवळजवळ नाहीसे झाले होते.

२०१० च्या सुमारास रॉड्रिक्स यांनी ते पुन्हा हातमागावर विणवून घ्यायला सुरुवात केली आणि देशातल्या मोठ्या फॅशनच्या प्रदर्शनात मांडले. जे नेसल्याने मुलींना लाज वाटत होती ते दिल्ली-मुंबईच्या बायका हौसेने विकत घेऊ लागल्या. आज गोव्यात कुणबी लुगड्याचे नाव पुन्हा घेतले जाते, ते विणायला शिकवले जाते.

मला वाटते, पांढरे साधे कपडे करणाऱ्या या माणसाला ते लुगडे का दिसले, याचे उत्तर सोपे आहे. कामापुरते कापड, कामापुरत्या गाठी आणि फुकटची शोभा नाही, हे तो विलायतेत जाऊन शिकला आणि ते सगळे गोव्याच्या खाचरात कुणबी बाईला केव्हापासून येत होते.

वारसा कुणाच्या हाती?

माणूस गेल्यावर मागे काय राहते? रॉड्रिक्स यांनी याची तजवीज बरीच आधी केली. २०१६ साली त्यांनी आपल्या नावाचा कारभार शूलेन फर्नांडिस या आपल्या सहकारी बाईंच्या हाती दिला. नाव आपले, पण काम पुढच्या पिढीचे. कोलवाळचे आपले साडेचारशे वर्षांचे म्हणून सांगितले जाणारे जुने घर त्यांनी गोव्याच्या पोशाखाच्या संग्रहालयासाठी रिकामे केले आणि स्वतः दुसऱ्या लहान घरात राहायला गेले. ते वारले तेव्हा संग्रहालयाचे काम चालूच होते. आपल्याकडे बाप शेवटच्या श्वासापर्यंत सातबारा सोडत नाही आणि मग भाऊ भाऊ कोर्टात उभे राहतात. त्यांच्या या वागण्याचा आपणही विचार करावा.

पण एक खंत बोलून दाखवली पाहिजे. लुगडे वाचले ते श्रीमंतांच्या कपाटात. ज्या बाईने ते शेतात झिजवले तिच्या नातीला हातमागाचे लुगडे आज परवडत नाही. हातमागावर वेळ लागतो, विणकराला पोटाला मिळाले पाहिजे, म्हणून ते महाग. आणि नाव झाले की नक्कल होते. यंत्रमागावर तशीच चौकडी काढता येते, कापडावर नुसती छापताही येते. मी भिवंडीचा, मागवाल्यांच्या शेजारचा. यंत्रमागाला मी नावे ठेवणार नाही. गरिबाच्या अंगावर कापड आले ते त्याच्यामुळे. पण यंत्रमागाचे कापड हातमागाचे म्हणून विकणे ही चोरी आहे. १९८५ साली केंद्र सरकारने कायदा करून काही जातींचे कापड हातमागासाठी राखून ठेवले ते याचसाठी, आणि २००६ पासून अस्सल हातमागाच्या कापडाला 'हँडलूम मार्क'चे चिन्ह मिळते. पैसे हातमागाचे देत असाल तर ते चिन्ह पाहून घ्या. चौकडी विणलेली की छापलेली, हे ओळखणे तर अगदी सोपे आहे. कापड उलटे करा. विणलेली चौकडी दोन्ही बाजूंना सारखी दिसते. छापलेली मागून फिकी पडते.

पांढरा रंग शेतात सुरू होतो

विदर्भ, मराठवाडा, खानदेशातल्या कपाशीवाल्या बंधूंनी इथपर्यंत वाचून म्हटले असेल, हे सारे भातवाल्यांचे चालले आहे. तर आता तुमच्यासाठी.

शंभर किलो कापसातून साधारण तेहेतीस ते पस्तीस किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. त्या रुईचे सूत होते आणि ते आमच्या मागावर येते. त्या कोऱ्या कापडात तपासणाऱ्या चाचांना कधी कधी निळा, पिवळा, हिरवा बारीक धागा विणलेला सापडतो. हा कुठून येतो? खताच्या प्लॅस्टिकच्या पोत्यांतून. वेचलेला कापूस त्या पोत्यात भरला, पोत्याची सुतळी सुटली आणि रुईत गेली. जिनिंगमध्ये तिचे बारीक तुकडे झाले. मग सुतातून तिला काढणे कठीण. ती रंगही घेत नाही, पांढऱ्या कापडात तर लांबून डोळ्यात खुपते. डोक्याचे केस, गुटख्याच्या पुडीचे तुकडे, यांचेही तेच.

म्हणून वेचणीच्या वेळी चार गोष्टी सांभाळा. दव उडाल्यावर वेचा. वेचणाऱ्या बायांनी डोक्याला पांढरे सुती फडके बांधावे. कापूस सुती कापडाच्या ओटीत आणि सुती चादरीवरच जमा करावा, खताच्या पोत्यात नाही. आणि कवडी कापूस वेगळा ठेवावा, चांगल्यात मिसळू नये. याचा भाव व्यापारी लगेच देतो असे नाही, हे मला ठाऊक आहे. पण आपला कापूस घाणेरडा म्हणून भाव पाडायला त्याला निमित्त तरी देऊ नये.

ताई, आता तुमच्या घरचे

मुलीचा वर्ग बंद करू नका. पण तिलाही चार गोष्टी माझ्या वतीने सांगा.

पहिली. रॉड्रिक्स यांचे नाव झाले म्हणून प्रत्येकाचे होईल असे नाही. शिवणकामात पोट भरते ते ब्लाऊज, शाळेचे गणवेश, फॉल-पिको यांवर. ते काम हलके मानू नये. ज्याला गणवेश नीट शिवता येतो त्यालाच पुढे स्वतःच्या मनाचे काही करता येते.

दुसरी. सरावाला महागाचे कापड आणू नये. भिवंडीत कोरे कापड मिळते, ते घ्यावे. त्यात खळ असते, ती विणताना ताण्याच्या धाग्याला मजबुती यावी म्हणून लावतात. ते रात्रभर पाण्यात भिजवावे, सकाळी कोमट पाण्यात धुवावे, वाळल्यावर इस्त्री करावी आणि मगच बेतावे. तसेच बेतले तर पहिल्या धुण्यात आटून कपडा तोकडा होतो. सुती म्हणून घेतले ते सुती आहे का, हे पाहायचे तर एक धागा काढून जाळावा. सुताची कागद जळाल्यासारखी मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. धागा चिमट्यात धरावा, हातात नको.

तिसरी. रिवाज मोडायचा असेल तर घरच्या म्हाताऱ्या माणसाला सांगून मोडावा. साखरपुड्याच्या दिवशी सगळ्यांसमोर एकदम नवे काही घालून उभे राहिले की वडीलधारी बिथरतात. आजीला आधी दाखवले असते, दोन घड्या तिच्याजवळ बसली असती, तर आजीच म्हणाली असती की गळ्याला एक लाल पट्टी लाव म्हणजे झाले. आणि ती पट्टी कदाचित शोभलीही असती.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. आजीच्या पेटीत जुने लुगडे असेल. ते मागून घ्यावे, कापायला नव्हे, बघायला. काठ किती रुंद, चौकडी केवढी, सूत किती जाड, पदर कसा, हे वहीत लिहून ठेवावे. आजी ते कसे नेसत होती, आवणीला कसे खोचत होती, ते तिच्याकडून नेसून घेऊन शिकावे. कुणी आणले, कुठल्या बाजारातून, केवढ्याला, हेही विचारावे. मग ते धुऊन, सावलीत वाळवून, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नये, दमटपणाने कापड कुजते. वर्षातून दोनदा उलगडून घडी बदलावी, नाहीतर घडीवरच फाटते. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा, पण कापडाला लागणार नाही असा पुरचुंडीत बांधून.

तुझ्या कपड्यात तुझा देश कुठे, हा प्रश्न उद्या तुमच्या मुलीलाही कुणीतरी विचारील. त्या वेळी तिला लिस्बनला जावे लागणार नाही. उत्तर तिच्या आजीच्या पेटीत आहे. मात्र आजी आहे तोवरच ते विचारता येईल. माझ्या हातून ती वेळ निघून गेली, म्हणून एवढे आग्रहाने लिहिले.

ताई, सासूबाईंनी लुगडे काढून दाखवले की मला एक पोस्टकार्ड टाका. आणि इतर वाचकांनीही आपापल्या घरच्या जुन्या लुगड्यांविषयी, त्यांच्या काठांच्या आणि रंगांच्या नावांविषयी जरूर लिहावे. नावे आठवत असतील तोवर लिहा. आलेल्या पत्रांतली निवडक पुढे याच जागी देऊ.